इंजिन स्वस्तात मिळालं, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न

प्रतिकृती स्पोर्ट्स कार बांधणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. सूर जवळपास सगळ्यांचा एकच: सगळे घालतात ते इंजिन नको, जुनं आणि वेगळं काहीतरी हवं. किमती आम्ही मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या देशागणिक आणि विकणाऱ्याच्या गरजेगणिक बदलतात.

प्रश्न: साठच्या दशकातल्या कोब्रा स्पोर्ट्स कारची अर्धवट बांधलेली प्रतिकृती घेतली आहे. फायबरग्लासची बॉडी आहे आणि चासीवर इंजिन माउंट रोव्हर व्ही-८ च्या हिशोबाने लावलेले आहेत. आता १९६२ च्या ब्युइक स्पेशलमधलं २१५ घनइंचाचं ॲल्युमिनियम व्ही-८ विकाऊ आहे असं कळलं. विकणारा म्हणतो, 'हे रोव्हरचंच आहे, सरळ बसेल.' घ्यावं का? बघताना काय तपासावं?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर: विकणारा अर्धं खरं बोलतोय. उरलेलं अर्धं महाग पडू शकतं.

जनरल मोटर्सने हे इंजिन १९६१ मध्ये आणलं आणि १९६३ नंतर सोडून दिलं. पुढे १९६५ मध्ये रोव्हरने हक्क घेतले आणि १९६७ मध्ये पी-५बी गाडीत ते आलं. बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक ७१.१ मिमी, ३५२८ सीसी हा हिशोब दोघांचा सारखा. मेन जर्नल २.३ इंच आणि बिग एंड २ इंच हेही सारखं. वजन १४४ किलोच्या आसपास, म्हणजे मूळ कोब्रातल्या बिडाच्या फोर्ड २८९ पेक्षा साठेक किलो कमी. नाक हलकं झालं की या चासीचं स्टिअरिंग सुधारतं. कोब्राच्या बॉनेटखाली फोर्ड नाही म्हणून नाकं मुरडणारे भेटतील, पण ते रोव्हर पाहूनही मुरडणारच.

सगळ्यात आधी इंजिन ब्युइकचं आहे की ओल्ड्समोबिलचं ते ठरवा. त्याच वर्षांत ओल्ड्समोबिलने एफ-८५ साठी याच ब्लॉकची स्वतःची आवृत्ती काढली होती. व्हॉल्व्ह कव्हर काढून हेडचे बोल्ट मोजा. ब्युइकला प्रत्येक सिलिंडरभोवती पाच असतात, ओल्ड्सला सहा. ओल्ड्सची हेड आणि पिस्टन वेगळे आहेत, आणि रोव्हरचं हेड गॅस्केट त्यावर चालणार नाही. ओल्ड्सचा ब्लॉक वाईट नाही. रेप्कोने त्याच ब्लॉकवरून बांधलेल्या इंजिनावर जॅक ब्रॅबमने १९६६ चं फॉर्म्युला वन विजेतेपद घेतलं. पण इंग्लंडमध्ये बसून रोव्हरच्या सुट्या भागांवर इंजिन चालवायचं असेल तर ब्युइकच हवं.

आता प्रत्यक्ष पाहणी. तळाचं तेलाचं चेंबर आणि पुढचं टायमिंग कव्हर काढायची परवानगी मागा. नकार मिळाला तर भाव ब्लॉक खराब आहे असं धरूनच करा. या इंजिनाचा ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच असतो आणि पंपाचे गिअर थेट ॲल्युमिनियमच्या खोबणीत फिरतात. कचरा गेला की त्या खोबणीच्या भिंतीवर ओरखडे उठतात. नख अडकेल इतका ओरखडा असेल तर नवे गिअर घालून दाब परत येत नाही, कव्हरच बदलावं लागतं. त्याच कव्हरमधून पाणीही जातं. अँटीफ्रीझ न घालता नुसत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात पाण्याच्या वाटेभोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि गॅस्केट बसायला सपाट जागा उरत नाही. हेडवरही पाण्याच्या भोकांच्या कडा बघा. वाळवी लागल्यासारख्या झिजलेल्या कडा वेल्डिंगने भरून, हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) वाचवता येतात, पण तो खर्च धरून ठेवा.

बोअर वरच्या रिंगच्या जागी आणि तळाशी, दोन्हीकडे आडवा-उभा मोजा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर होनिंगने भागणार नाही, रिबोअर आलाच. हेड बोल्टची भोकं बोटाने चाचपा. ॲल्युमिनियममधले आटे ओढले गेलेले असणं या ब्लॉकमध्ये सर्रास आढळतं. जास्त लांबीच्या स्टीलच्या इन्सर्टने दुरुस्ती पक्की होते, फक्त एक भोक दुरुस्त करायचं ठरलं तर त्या बाजूची सगळीच करून घ्या. जोडणी करताना सगळ्यात बाहेरची, खालची बोल्टांची ओळ मॅन्युअलातल्या आकड्यापेक्षा कमी ताणा. ती ओळ एकाच बाजूला आहे. ती करकचून आवळली की हेड बाहेरच्या अंगाला कलतं, आतली कड किंचित उचलली जाते आणि गॅस्केट मधल्या दरीच्या बाजूने फुंकतं. रोव्हरने पुढे ही ओळच काढून टाकली, त्याचं कारण हेच.

आता 'सरळ बसेल' या शब्दांकडे. बेअरिंग, टॅपेट, टायमिंग चेन, गॅस्केट यांत रोव्हरचा माल चालतो. अडचण इंजिनाच्या दोन टोकांना येते. ब्युइक स्पेशल बऱ्याचदा ऑटोमॅटिक असायची. अशा इंजिनाबरोबर पातळ फ्लेक्स प्लेट मिळते, क्लचवालं फ्लायव्हील मिळत नाही, आणि क्रँकच्या मागच्या टोकात पायलट बुशची (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकतं त्या बुशची) जागा फिनिश केलेली नसू शकते. फ्लँजची जाडी, बोल्टांचं वर्तुळ आणि पायलटचं भोक, तिन्ही मापं घेऊनच रोव्हरच्या फ्लायव्हीलचा विचार करा. बेल हाउसिंगची बरीच भोकं जुळतात म्हणून सगळी जुळतीलच असं नाही. दोन डाउल पिना बसल्या की डायल गेज क्रँकला लावून बेल हाउसिंगचं मधलं भोक फिरवून बघा. फरक ०.१३ मिमी, म्हणजे पाच थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशाच्या) आत हवा. तो जास्त असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट दर फेरीला वाकतो, आधी पायलट बुश जातो, मग पुढचं बेअरिंग, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी येतो. दुरुस्तीला एक्सेंट्रिक डाउल मिळतात.

पुढच्या टोकाला ब्युइकचा वॉटर पंप बुटका आहे. रेडिएटर आणि पंख्यामध्ये जागा मिळते हा फायदा. पण १९९० च्या दशकातल्या नंतरच्या रोव्हरचं, क्रँकवरून फिरणाऱ्या ऑइल पंपाचं कव्हर या जुन्या क्रँकवर नुसतं लावून चालत नाही, क्रँकचं नाक वेगळं आहे. कोणी 'मॉडर्न कव्हर टाका, दाब वाढेल' असं सुचवलं तर क्रँकही बदलायचाय का ते विचारा. दाबाबद्दल एक लक्षात असू द्या. गरम इंजिनात २४०० आरपीएमला ३० ते ४० पौंड हा या कुटुंबाचा नेहमीचा आकडा आहे. शेव्हरलेची सवय असलेला माणूस तो गेज बघून घाबरतो आणि विनाकारण इंजिन खोलतो.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत उगाच मोठं काही घेऊ नका. २१५ घनइंच गुणिले ५५०० आरपीएम भागिले ३४५६ केलं की ३४२ येतात. ८५ टक्के भरण धरली तर इंजिनाला मिनिटाला सुमारे २९० घनफूट हवा लागते. ३९० घनफुटांचा फोर-बॅरल (चार नळ्यांचा कार्ब्युरेटर) पुरतो, ५०० चा चालतो. ६५० चा लावला की कमी आरपीएमला व्हेंचुरीतून हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गचके खाते. मग माणूस जेट बदलत बसतो.

१९६३ च्या सगळ्यात ताकदवान ब्युइकचं कॉम्प्रेशन ११ ला १ होतं. तुमचं १९६२ चं फोर-बॅरल असेल तर १० च्या वर आहे असं धरा. ९७ ऑक्टेनचं सुपर अनलेडेडच घाला. त्यात इथेनॉलही साध्या पेट्रोलपेक्षा कमी असतं. तरी पेट्रोलची होज एसएई जे-३० आर-९ दर्जाची घ्या, जुनी होज आतून सोलवटते आणि फ्लोट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो.

इंजिन बांधून झाल्यावर सुरू करण्याआधी पंप भरणं हे सगळ्यात महत्त्वाचं. हा पंप कोरडा असेल तर तेल ओढतच नाही. पंपाचं झाकण काढून गिअरच्या दातांत पेट्रोलियम जेली ठासून भरा. ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही आणि लिफ्टरच्या बारीक भोकांत जाऊन बसतं. मग डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलला लावलेल्या पट्टीने पंप फिरवा. रोटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला फिरवायचं. रॉकरवर तेल दिसेपर्यंत ड्रिल थांबवू नका. नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा. आयडलवर सोडलं तर कॅमच्या लोबवर उडणारं तेल पुरत नाही आणि पहिल्या दहा मिनिटांत लोब गोल होतात. तेलात झिंक हजार-बाराशे पीपीएम हवं, आजकालच्या साध्या तेलात ते बरंच कमी असतं.

एक मोठा फायदा मात्र तुमच्या पदरात आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीच्या आयव्हीए तपासणीत धुराचा निकष इंजिनाच्या वयावरून ठरतो. १ ऑगस्ट १९७५ पूर्वीचं इंजिन असेल तर डोळ्यांना दिसणारा धूरच बघतात. त्यानंतरच्या रोव्हरला कार्बन मोनॉक्साइडची साडेचार टक्क्यांची मर्यादा लागते, आणि आणखी नव्याला त्याहून कडक. पण वय सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून इंजिन घेताना ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो, मूळ गाडीची कागदपत्रं आणि नंबर लिहिलेली पावती तिथल्या तिथे घ्या. नंतर ती मिळत नाहीत.

थोडक्यात सौदा असा: ब्लॉक सपाट, कव्हर बिनओरखड्याचं आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीचं फ्लायव्हील सोबत, तर घ्या. यांतलं फ्लायव्हील नसेल तर भाव पाडा. कव्हर आणि ब्लॉक दोन्ही खाल्लेले असतील तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. मग १९७५ पूर्वीचं रोव्हर ३.५ शोधा. तुमचे माउंट त्याचेच आहेत.

प्रश्न: जाम झालेलं पण एकसंध इंजिन घ्यावं, की खोलून खोक्यात भरलेलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दुर्मीळ इंजिन असेल तर जाम पण एकसंध. खोक्यातल्या इंजिनात नेहमी तेच तुकडे नसतात जे बाजारात मिळत नाहीत: रॉकरचे पेडेस्टल, डिस्ट्रिब्युटर ड्राइव्ह, कुठलीतरी एक खास लांबीची बोल्ट. मेन बेअरिंगच्या कॅपा त्या ब्लॉकसोबतच लाइन बोअर केलेल्या, म्हणजे एका रेषेत कोरलेल्या असतात. त्या दुसऱ्या ब्लॉकच्या निघाल्या तर नवं लाइन बोअरिंग आलं.

जाम इंजिनाला स्टार्टर लावून बघू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओता, चार-पाच दिवस मुरू द्या आणि पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून मागे-पुढे हलकेच रेटा. आधी मागे. पुढे रेटलं तर गंजाच्या कडेवर रिंग चढते आणि तुटते. सुटलं की तेल बदला, मग लीकडाउन चाचणी घ्या. हवा ८० पौंडांवर देऊन २० टक्क्यांहून जास्त गळती असेल तर ती कुठून येते ते ऐका: कार्ब्युरेटरमधून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा.

प्रश्न: पोर्शे ५५० स्पायडरची प्रतिकृती बांधतोय. फोक्सवॅगनचं चार सिलिंडरचं इंजिन सगळ्यांकडे आहे, म्हणून शेव्हरले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन घालायचं मनात आहे. गिअरबॉक्स फोक्सवॅगनचाच ठेवीन. एक मित्र म्हणतो की गाडीला चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळेल. खरं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: मित्राचं म्हणणं अशा गाडीबद्दल खरं आहे जिच्यात इंजिन मागच्या चाकांच्या मागे असतं. तुमच्या गाडीत ते चाकांच्या पुढे आहे, आणि तिथेच गंमत होते.

बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. कॉर्व्हेअर उलट फिरतं. फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला ते बीटलसारखं मागे जोडलं तर चाकं उलटी फिरतील. तो प्रश्न सोडवायला डिफरन्शियलचं क्राउन व्हील (चाकांना फिरवणारा मोठा गिअर) दुसऱ्या बाजूला बसवतात. दुसरीकडे ५५० सारख्या मिड-इंजिन गाडीत गिअरबॉक्स मुळातच उलटा, इंजिनाच्या मागे बसतो, म्हणून साधं फोक्सवॅगन इंजिन असलं तरी क्राउन व्हील पलटावं लागतं. तुमच्या गाडीत दोन्ही गोष्टी एकदम आहेत. दोन उलटे मिळून एक सुलटा झाला. क्राउन व्हील मूळ जागी ठेवलं तरी चार गिअर पुढचेच मिळतील.

पण दिशा जुळली म्हणजे काम झालं असं नाही. क्राउन व्हीलला फिरवणारं पिनियन उलटं फिरतंय, म्हणजे दातांचा भार इंजिन ब्रेकिंगच्या वेळी लागणाऱ्या बाजूवर कायम येणार. ती बाजू त्या कामासाठी बनलेली नाही. गिअरबॉक्समधल्या तिरक्या दातांचा रेटाही उलट दिशेला जातो आणि थ्रस्ट वॉशर लवकर झिजतात. हलक्या गाडीत, सांभाळून चालवलं तर बरेच दिवस निभतं. ट्रॅकवर न्यायची असेल तर कॉर्व्हेअरसाठी मिळणारा रिव्हर्स-रोटेशन कॅमशाफ्टचा संच घाला. मग इंजिन नेहमीच्या दिशेने फिरेल, आणि मग मात्र क्राउन व्हील पलटावंच लागेल. दोन्हींपैकी जे ठरेल त्यानुसार स्टार्टर कुठल्या दिशेने फिरतो ते आधी बघा. फोक्सवॅगनचा स्टार्टर फोक्सवॅगनच्या दिशेसाठीच आहे.

१९६४ ते ६९ मधलं १६४ घनइंचाचं, म्हणजे सुमारे २.७ लिटरचं इंजिन घ्या. त्यातही ११० हॉर्सपॉवरचं, सव्वानऊ कॉम्प्रेशनचं, दोन कार्ब्युरेटरचं. १४० हॉर्सपॉवरचं चार कार्ब्युरेटरवालं मोहात पाडतं, पण त्याच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या सीट इंजिन तापलं की हेडमधून सुटून खाली पडतात आणि पिस्टन फोडतात. ते घ्यायचंच असेल तर खोल बसणाऱ्या सीट घालून घेतलेली हेड हवीत. मूळ ५५० च्या दीड लिटरच्या, चार कॅमशाफ्टच्या इंजिनाचे ११० हॉर्सपॉवर होते. आकडा योगायोगाने जुळतो, पण कॉर्व्हेअरचे ते अमेरिकन ग्रॉस हॉर्सपॉवर आहेत (गाडीतले सगळे भाग न जोडता मोजलेले), तेवढी सूट द्या. वेबर कार्ब्युरेटर लावायचं स्वप्न असेल तर हे ऐका: कॉर्व्हेअरचं इनटेक मॅनिफोल्ड वेगळं काढता येत नाही, ते हेडमध्येच ओतलेलं आहे. कापून वेल्डिंग केल्याशिवाय मोठा बदल होत नाही.

या इंजिनाची सगळ्यात मोठी तक्रार तेल गळतीची. बारा पुशरॉड नळ्या, प्रत्येकीला दोन, अशा चोवीस ओ-रिंग. मूळ रबर उष्णतेने कडक होऊन पिचतं आणि तेल थेट गरम एक्झॉस्टवर ठिबकतं. सगळ्या एकदम व्हायटॉनच्या घाला. एकेक बदलत बसाल तर वर्षभर इंजिनाखालीच राहाल. हार्मोनिक बॅलन्सरच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांवर एकच आडवी रंगाची रेघ ओढून ठेवा. मधलं रबर सुटलं की रेघ तुटलेली दिसते. त्या बॅलन्सरवर टायमिंग लावू नका आणि इंजिन चालवूही नका.

पंखा इंजिनावर आडवा बसतो आणि पट्टा ९० अंशांत वळून त्याच्यावर जातो. १९६४ पासूनचा हलका मॅग्नेशियमचा पंखाच वापरा. जड पंखा असेल तर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की पट्टा उडतो, आणि एअर-कूल्ड इंजिनाला पट्ट्याशिवाय दोन किलोमीटरही परवडत नाहीत. पट्टा करकचून ताणू नका, पंख्याच्या बेअरिंगवर येतं. ५५० च्या बॉडीत खरी मेहनत हवेच्या वाटेवर आहे. थंड हवा पंख्याला मागच्या झाकणाच्या जाळीतून मिळाली पाहिजे आणि गरम हवा खालून बाहेर गेली पाहिजे. इंजिनाच्या सगळ्या कडेने पत्रा आणि रबरपट्टी लावून वरचं आणि खालचं दालन वेगळं करा. एक बोटभर फट राहिली तरी गरम हवा वर फिरून पंख्यात येते. हेडचं तापमान मोजायला प्लगखालचं सेन्सर दोन्ही बाजूंना लावा.

फायरिंग ऑर्डर १-४-५-२-३-६. रिव्हर्स कॅमशाफ्ट घातला की ती बदलते, जुना आकडा डिस्ट्रिब्युटरवर तसाच लिहून ठेवू नका.

प्रश्न: इटालियन फॉर्म्युला ज्युनियरसारखी, इंजिन पुढे असलेली एकसीटर बांधायची आहे. टॅक्सीतून उतरवलेलं प्रीमिअर पद्मिनीचं इंजिन मिळतंय. चालेल का? आणि पुढे रस्त्यावर आणायची झाली तर आरटीओचं काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर: यापेक्षा रास्त निवड तुम्हाला भारतात मिळणार नाही. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे फियाट ११०० चं, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. त्याच मापाच्या फियाट इंजिनावर युद्धानंतर सिसिटालिया ही इटालियन रेसिंग कार कंपनी उभी राहिली, आणि १९५८ मध्ये फॉर्म्युला ज्युनियर ही छोट्या एकसीटर गाड्यांची शर्यत सुरू झाली तेव्हा मोडेनाच्या स्टँग्वेलिनीने याच फियाटवर शर्यती जिंकल्या. परदेशात हे इंजिन शोधावं लागतं.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसेल तरच. तुमची गाडी या कशातच बसत नाही. ती बंद ट्रॅकसाठीच बांधा, ट्रेलरवर न्या. इंजिन घेताना टॅक्सीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या. जकात नाक्याच्या काळापासून पोलिसांचा पहिला प्रश्न तोच असतो.

ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मुंबईच्या टॅक्सीचं इंजिन असेल तर ते बरीच वर्षं सीएनजीवर चाललेलं असणार. गॅस कोरडा असतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खचतात आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत गेलेला दिसतो. टॅपेटची फट वारंवार कमी होत जाणं ही त्याची खूण. कडक सीट घालून घ्या. रिबोअर झालेला असेल तर कितवा ते मोजा. एक गमतीची बाब: बोअर ६८.३ केला तर १०९९ सीसी होतात, ६८.५ केला की ११०५. म्हणजे फॉर्म्युला ज्युनियरची ११०० सीसीची मर्यादा पाळायची असेल तर पहिल्या अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइजलाच ती ओलांडली जाते.

कॉम्प्रेशन अंदाजाने वाढवू नका. एका सिलिंडरची क्षमता २७२.४ सीसी. ८.५ ला १ हवं असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा, गॅस्केटसकट, ३६.३ सीसी हवी. ९ ला १ साठी ३४ सीसी. हेडवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून, शाळेतल्या ब्युरेटने केरोसीन सोडून हेडमधला प्रत्येक ज्वलनकक्ष मोजा. चारही अर्ध्या सीसीच्या आत जुळवून मगच हेड फेसिंगला द्या. आपल्या साध्या पेट्रोलवर ९ च्या पुढे जाऊ नये. हेड घासलं तितकी पुशरॉड लांब झाल्यासारखी होते, म्हणून रॉकर पेडेस्टलखाली तेवढ्या जाडीची शिम घाला. नाहीतर रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या कडेवर घासतं आणि गाइड अंडाकृती होतात.

क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो, आणि मूळ कनेक्टिंग रॉड, मूळ बोल्ट असतील तर तिथेच थांबा. रॉडचे बोल्ट नवे घाला, क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्या. तेलाच्या चेंबरमध्ये उभ्या पट्ट्या वेल्ड करा. लांब वळणावर तेल एका अंगाला जातं, पिकअप हवा ओढतो आणि मधलं मेन बेअरिंग आधी जातं. ई-२० पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. मेन जेट १२५ असेल तर १३० घालून प्लगचा रंग बघा. आणि गिअर स्टिअरिंग कॉलमवर असतो, तो दांडा उघड्या एकसीटरमध्ये चालणार नाही. गिअरबॉक्सच्या बाजूच्या दोन लिव्हरना 'रोझ जॉइंट' (गोळ्यावर फिरणारे सांधे) लावून खाली आणावा लागेल. हे इंजिन बसवायच्या आधी करा, नंतर हात जात नाही.

प्रश्न: हिलमन इम्पचं इंजिन लोटस सेव्हनसारख्या गाडीत पुढे बसवता येईल का?
— एक वाचक, ग्लासगो

उत्तर: येईल, पण मनस्ताप बराच. इम्प गाडी तुमच्या शेजारच्या लिनवुडमध्ये बनायची, आणि तिच्या ८७५ सीसीच्या ॲल्युमिनियम इंजिनाचं मूळ कोव्हेंट्री क्लायमॅक्सच्या आगीच्या पंपाच्या इंजिनात आहे. ते गाडीच्या मागे, ४५ अंश कलवून बसवण्यासाठी केलं होतं. पुढे बसवायला खास ॲडॉप्टर प्लेट आणि तेलाचं बदललेलं चेंबर लागतं. उभं केलं तर तेलाची पातळी आणि पिकअप दोन्ही चुकतात, म्हणून त्याच कलात बसवा आणि बॉनेटची रुंदी त्याप्रमाणे बघा. गिनेटा जी-१५ आणि क्लॅन क्रुसेडरने ते मागेच ठेवलं, तसं काही बांधायचं असेल तर इम्पचा ट्रान्सॲक्सल सकट घ्या. कूलंट दोन वर्षांनी बदला, आणि रेडिएटरची टोपी काढून आत करडा गाळ दिसला तर त्या इंजिनाला हात लावू नका.